पेन्सिलीएवढी चीर

बाबा रस्त्यांचे खड्डे भरायची छोटी कंत्राटं घ्यायचे. कुर्ल्याच्या गाळ्यात डांबराची एक टाकी, दोन हातगाड्या आणि सहा माणसं, एवढाच पसारा. मी डिप्लोमा करून धंद्यात आलो तेव्हा ते म्हणाले, "खड्डा भरणं म्हणजे माणूस गेल्यावर डॉक्टर बोलावणं." पोट त्याच खड्ड्यांवर चालायचं, त्यामुळे हे ते गिऱ्हाइकासमोर कधी बोलले नाहीत.

विमानतळाचं पहिलं काम एका मोठ्या कंत्राटदाराच्या हाताखाली मिळालं. काम ऐकायला फुटकळ: रनवेच्या डांबरातल्या चिरा भरणे. पण मुंबईच्या दोन धावपट्ट्या, 09/27 आणि 14/32, एकमेकींना छेदून जातात. त्या छेदावर काम काढलं की दोन्ही बंद. 2018 मध्ये याच मांडणीवरून एका दिवसात हजाराहून जास्त विमानांची ये-जा झाली. तिथे मिळणारे तास म्हणजे मेगाब्लॉकच, फक्त गाडी उशिरा सोडायची सोय नाही. पावसाळ्याआधी दोन्ही धावपट्ट्या एक दिवस सकाळी 11 ते संध्याकाळी 5 बंद ठेवतात. त्या सहा तासांत दिवेवाले, रंगवाले, टायरचं चिकटलेलं रबर पाण्याच्या झोताने खरवडणारे, सगळे एकदम आत.

चीर एवढी महत्त्वाची का, हे मलाही तिथेच कळलं. ऊन आणि हवेने डांबर वरून कडक होत जातं, मग तडकतं. चिरेतून पाणी उतरतं आणि खडीवरचं डांबर सुटतं. रस्त्यावर सुटलेली खडी गटारात जाते. इथे ती जेट इंजिनात जाऊ शकते. शिवाय पाणी खालच्या थरात मुरलं की वरवरच्या मलमपट्टीने भागत नाही, थरच खरवडून नवा घालावा लागतो. म्हणजे पुन्हा डोंगर फोडून खडी आणि दीडशे अंशांवर तापवलेला माल. चीर वेळेत भरली तर हे सगळं काही वर्षं पुढे ढकलता येतं. पर्यावरण वगैरे मोठे शब्द आमच्या कोटेशनमध्ये अलीकडे आले, काम जुनंच आहे.

पहिल्याच हंगामात आमचं नाक कापलं गेलं. ऑक्टोबर होता, पाऊस जाऊन आठवडा झालेला, पृष्ठभाग कोरडा ठणठणीत. मशीनने चिरेला खाच मारली, हवा मारली, रबरमिश्रित सीलंट ओतलं. पंधरा दिवसांनी पाहणीला गेलो तर आमच्या मुकादमांनी एक टोक चिमटीत धरून ओढलं आणि हातभर पट्टी भाकरीच्या पापुद्र्यासारखी सुटून आली. खालची बाजू ओलसर. आत ओल धरून बसली होती आणि आम्ही वरून झाकण लावलं होतं. सगळं काम स्वखर्चाने पुन्हा केलं. कंत्राटदाराने आधीचं बिलही चार महिने अडकवलं, ते वेगळंच. आईच्या पाटल्या तेव्हा गहाण पडल्या.

त्यानंतर तापलेली हवा मारणारी नळी घेतली, कर्जावर. आणि मुकादमांची एक पद्धत रुळली: खाच गरम करून झाली की टिश्यू पेपर काडीने दाबून तळाशी फिरवायचा. कागदाला डाग दिसला की पुन्हा नळी. सीलंट साधारण 190 अंशांवर. जास्त तापलं तर त्यातलं रबर जळतं, मग ते नुसतं काळं पाणी. भरायचंही काठोकाठ नाही, किंचित खाली. मे महिन्यात ते फुगून वर येतं आणि टायरला चिकटतं. नवीन पोरांना हे पटत नाही, त्यांना काठोकाठ भरलेलंच नीटनेटकं वाटतं.

आत जाताना हत्यारं मोजून, बाहेर येताना मोजून. एकदा रात्रीच्या कामात तारेच्या ब्रशची मूठ मिळाली, ब्रश नाही. धावपट्टी सोडायला पंचवीस मिनिटं उरलेली. नऊ माणसं ओळीने वाकून बॅटरीच्या उजेडात चालत होती. सापडला तो एकाच्या गमबुटाच्या तळव्याला चिकटलेल्या सीलंटमध्ये. आता मुठीही रंगवल्यात, भगव्या.

आज आम्ही चौदा जण आहोत. हल्ली चिरा भरण्यापेक्षा मोजायचं काम जास्त आवडतं: पावसाआधी आणि नंतर चालत जाऊन कुठली चीर किती वाढली याचा नकाशा काढणं. पेन्सिलीच्या शिशाएवढी असतानाच दाखवली तर काही गिऱ्हाइकं म्हणतात, "एवढ्याशाला पैसे?" बोटाएवढी झाली की तेच फोन करतात.

डिसेंबर 2025 मध्ये नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाला. धावपट्टी कोरी करकरीत. मुकादम म्हणाले, तिथे आपलं काय काम? मी म्हटलं, ऊन तर पहिल्या दिवसापासून लागतंय. कोटेशन तयार ठेवलंय. नळीच्या कर्जाचे अजून सात हप्ते बाकी आहेत.