भिंतीवर उजेड किती पडतो? स्वस्त प्रोजेक्टर घेताना मांडलेला हिशेब

आमच्या डोंबिवलीच्या घरातला हॉल १० फूट रुंद आणि १४ फूट लांब आहे. दिवाण, पुस्तकांचे कपाट आणि ३२ इंची टीव्ही ही त्यातली मांडणी गेली नऊ वर्षे तशीच आहे. मागच्या वर्षी टीव्हीच्या पडद्यावर उभी रेघ उमटली आणि दुरुस्तीचा खर्च नव्या टीव्हीच्या किमतीजवळ जाऊ लागला, तेव्हा त्याच पैशांत प्रोजेक्टर का घेऊ नये, ही चर्चा घरात सुरू झाली. आम्ही रोज टीव्ही लावून बसणारे लोक नाही. शनिवारी रात्री एखादा चित्रपट, कधी नाटकाचे चित्रीकरण, बाबांसाठी, म्हणजे माझ्या सासऱ्यांसाठी, क्रिकेटचे सामने आणि सुट्टीत मुलीच्या मैत्रिणी जमल्या की त्यांच्यासाठी काहीतरी, एवढीच आमची गरज आहे. पंधरा हजारांच्या आतला, उचलून कुठेही नेता येईल असा प्रोजेक्टर एवढ्या वापराला पुरतो का, हे ठरवण्यासाठी मी दोन यंत्रे वापरून पाहिली आणि बरीच मोजमापे केली. त्यातून माझे मत असे झाले की या किमतीत चित्राचा आकार आपल्या हौसेने ठरवायचा नसतो, तो यंत्राच्या उजेडाने ठरू द्यायचा असतो.

पहिले यंत्र आम्ही जाहिरात वाचून मागवले होते. खोक्यावर ९,००० लुमेन (लुमेन म्हणजे दिव्यातून निघणारा एकूण प्रकाश मोजण्याचे एकक), ‘४के सपोर्ट’ आणि २०० इंची पडदा असे मोठ्या अक्षरांत छापलेले होते. संध्याकाळी ट्यूबलाइट चालू ठेवून ते भिंतीवर लावले, तर चित्र आहे एवढेच कळत होते. ट्यूबलाइट बंद केल्यावर चेहरे ओळखू येऊ लागले, पण रात्रीचे दृश्य आले की पुन्हा सगळा राखाडी चिखल. यंत्र बिघडलेले असावे असे मला आधी वाटले, म्हणून घरातल्या बल्बच्या खोक्यावरचे आकडे पाहिले आणि तिथेच उलगडा झाला. आपल्या नेहमीच्या ९ वॅटच्या एलईडी बल्बवर साधारण ९०० लुमेन लिहिलेले असते. ९,००० लुमेन म्हणजे तसे दहा बल्ब, आणि त्यांना ९० वॅट वीज लागेल. आमच्या प्रोजेक्टरचा चार्जर होता ६० वॅटचा. त्यातही प्रोजेक्टरच्या दिव्याचा सगळा प्रकाश बाहेर येत नाही. स्वस्त यंत्रांमध्ये दिव्यासमोर चित्र घडवणारे एकच एलसीडी पटल असते. त्यातून जाताना अर्ध्याहून अधिक प्रकाश ध्रुवीकरणातच, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणाऱ्या लहरी तेवढ्या पुढे सोडण्यातच, संपतो, उरलेल्यापैकी सुमारे दोनतृतीयांश लाल, हिरव्या व निळ्या गाळण्या अडवतात आणि पुढे भिंगांचा वाटा वेगळाच. चार्जरचे वॅट वाचले की खोक्यावरचा हजारांतला आकडा भिंतीवर पडणाऱ्या उजेडाचा असूच शकत नाही, हे दुकानात उभ्या उभ्या कळू शकते. मला ते पैसे दिल्यानंतर कळले, याचे वाईट वाटते, कारण असेच आकडे वाचून पैसे घालवणारी आणखी कितीतरी घरे असणार.

भिंतीवर पडणारा उजेड मोजण्याची एक सर्वमान्य पद्धत आहे आणि तिच्याच आकड्याला ‘आन्सी लुमेन’ म्हणतात. पूर्ण पांढऱ्या चित्राचे नऊ समान भाग पाडून प्रत्येक भागाच्या मध्यावर उजेड मोजतात, त्या नऊ आकड्यांची सरासरी काढतात आणि चित्राच्या क्षेत्रफळाने तिला गुणतात. ही पद्धत घरीही ढोबळमानाने वापरता येते. ६० इंची (हे माप कर्णाचे असते) रुंदट चित्र १३३ सेंटीमीटर रुंद आणि ७५ सेंटीमीटर उंच असते, म्हणजे त्याचे क्षेत्रफळ जवळजवळ बरोबर एक चौरस मीटर भरते, आणि लक्स म्हणजे एका चौरस मीटरवर पडणारे लुमेन, त्यामुळे इथे लक्सचा आकडा तोच लुमेनचा. खोली पूर्ण अंधारी करावी, भिंतीवर ६० इंची पांढरे चित्र पाडावे, अँड्रॉइड फोनमध्ये लक्स मोजणारे एखादे ॲप घ्यावे, फोनचा पडदा प्रोजेक्टरकडे करून तो नऊ जागी भिंतीला टेकवावा आणि सरासरी काढावी. फोनचा प्रकाशसंवेदक प्रयोगशाळेतल्या उपकरणाइतका अचूक नसतो, पण १३० आणि ९,००० यांतला फरक दाखवायला तो पुरेसा आहे. आमच्या पहिल्या यंत्राची सरासरी १३० च्या आसपास आली.

हा आकडा हाती आल्यावर आकाराचा प्रश्न आपोआप सुटतो. चित्रपटगृहात पांढऱ्या पडद्याची तेजस्विता, म्हणजे डोळ्यांकडे येणारा उजेड, ४८ निट्स (तेजस्वितेचे एकक) असावी, असे प्रमाण आहे. घरातला साधा टीव्ही २५०-३०० निट्स देतो, पण अंधारात बसलेल्या प्रेक्षकाच्या डोळ्यांना ४८ पुरतात. पांढऱ्या, चमक नसलेल्या पृष्ठभागावर पडणाऱ्या लक्सना ३.१४ ने भागले की निट्स मिळतात. १३० लुमेनचे चित्र १०० इंचांवर ताणले तर ते पावणेतीन चौरस मीटरवर पसरते, वाट्याला ४७ लक्स येतात आणि तेजस्विता १५ निट्सवर उतरते. चित्रपटगृहाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढीही ती नाही. तेच यंत्र ६० इंचांवर ४० निट्सपर्यंत पोहोचते आणि अंधाऱ्या खोलीत चित्र बऱ्यापैकी दिसते. दुसरे यंत्र घेताना मी फक्त आन्सी लुमेनचा आकडा विचारला. त्यावर ३०० लिहिलेले होते आणि माझ्या मोजणीत ते २४० भरले. ७२ इंचांचे चित्र १.४३ चौरस मीटर असते. २४० ला त्याने भागले की १६८ लक्स आणि मग ५३ निट्स येतात. आमची भिंत अगदी शुभ्र नसल्यामुळे त्यातून थोडे वजा होतात, तरी चित्रपटगृहाच्या जवळपासचे चित्र मिळते. म्हणून भिंतीवर ७२ इंचांच्या चार कोपऱ्यांना पेन्सिलीने खुणा केल्या आहेत आणि मुलीने कितीही आग्रह केला तरी चित्र त्यापेक्षा मोठे करत नाही.

याच हिशेबाला दुसरीही एक बाजू आहे. प्रोजेक्टर काळा रंग पाडू शकत नाही. चित्रातला काळा भाग म्हणजे त्या क्षणी भिंतीवर असलेला खोलीतला उजेडच. ट्यूबलाइट चालू असताना भिंतीवर १०० लक्स असतील, तर आपला काळा रंग १०० लक्सचा आणि पांढरा २६८ चा होतो. असे चित्र फिकट दिसणारच. यंत्राचा उजेड दुप्पट करायला किंमत दुप्पट किंवा त्याहून अधिक मोजावी लागते, मात्र खोलीतला उजेड कमी करायला जाड अस्तराचे पडदे पुरतात. आमच्या शेजारच्या कल्याणात महादेव गोपाळ पटवर्धनांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने काचेवर रंगवलेली चित्रे दिव्याच्या साहाय्याने पडद्यावर दाखवण्याचे खेळ सुरू केले होते. त्या काळच्या दिव्यांवर प्रेक्षकांना रंग दिसत, कारण खेळ अंधारात होत असे. मला त्यांची आठवण पडदे शिवून घेताना झाली. पडद्यांवर केलेला खर्च हा माझ्या मते या खरेदीतला सर्वांत उपयोगी खर्च ठरला.

रिझोल्यूशनबाबत, म्हणजे चित्र किती बिंदूंचे आहे याबाबत, खोक्यावरची भाषा अशीच फसवी असते. ‘४के सपोर्ट’ किंवा ‘१०८०पी सपोर्ट’ याचा अर्थ यंत्र तसे चित्र स्वीकारते एवढाच असतो, दाखवताना ते आतल्या पटलाच्या बिंदूंमध्ये बसवले जाते. त्यामुळे ‘नेटिव्ह’ या शब्दापुढचा आकडा शोधावा. आमच्या पहिल्या यंत्राचे पटल ८०० बाय ४८० बिंदूंचे, म्हणजे ३ लाख ८४ हजार बिंदूंचे होते, आणि १९२० बाय १०८० च्या पटलात २० लाख ७३ हजारांहून अधिक बिंदू असतात. बाबांना नाटक किंवा चित्रपट कशातच अडचण आली नाही, पण धावफलकावरचे लहान आकडे वाचता येईनात आणि उपशीर्षकांची अक्षरे फुटू लागली. ८० इंची चित्रात ८०० बिंदूंपैकी प्रत्येक बिंदू सव्वादोन मिलिमीटरचा होतो आणि अडीच मीटरवरून तो स्पष्ट दिसतो. १२८० बाय ७२० चालवून घेता येते, त्याखाली जाऊ नये.

भिंगाचा दर्जा मात्र कोणत्याही आकड्यात सापडत नाही. स्वस्त यंत्रात मध्य रेखीव आणि कोपरे धूसर राहतात, म्हणून शक्य असेल तर दुकानात अक्षरांनी भरलेले पान लावून चारही कोपरे पाहावेत. दुसरी गोष्ट धूळ. ज्या यंत्रात थंड हवा पटलावरूनच खेळवली जाते, त्यात काही महिन्यांत चित्रावर काळे किंवा रंगीत ठिपके दिसू लागतात आणि यंत्र उघडल्याशिवाय ते जात नाहीत. रेल्वेच्या आणि बांधकामांच्या गावात राहणाऱ्यांनी तरी बंदिस्त प्रकाशयंत्रणेचा प्रोजेक्टर घ्यावा, मग त्यासाठी हजार-दीड हजार जास्त पडले तरी चालतील. डीएलपी प्रकारच्या, म्हणजे एलसीडी पटलाऐवजी सूक्ष्म आरशांनी चित्र पाडणाऱ्या, लहान यंत्रांना धुळीचा त्रास कमी होतो, पण काही जणांना त्यात हलत्या दृश्याच्या कडेने इंद्रधनुष्यासारखे रंग चमकताना दिसतात. माझ्या नणंदेला ते दिसतात, मला नाही. त्यामुळे घरातल्या सर्वांनी पाहून मगच निर्णय घेतलेला बरा.

प्रोजेक्टर ठेवायची जागा आधी मोजून घ्यावी. आमच्या यंत्राला चित्राच्या रुंदीच्या १.३ पट अंतर लागते, म्हणजे ७२ इंची चित्राच्या १५९ सेंटीमीटर रुंदीसाठी सुमारे २ मीटर ७ सेंटीमीटर. एवढे अंतर आमच्या हॉलमध्ये सहज मिळते. यंत्र तिरपे ठेवून ‘कीस्टोन’ या आतल्या सोयीने वाकडे पडलेले चित्र चौकोनी करता येते, मात्र तसे करताना पटलाचा कडेचा भाग वापराबाहेर जातो, म्हणजे आधीच कमी असलेले बिंदू आणि उजेड दोन्ही आणखी कमी होतात. म्हणून आम्ही ते चित्राच्या मध्यासमोर, स्टुलावर सरळ ठेवतो. भिंतीऐवजी चादर लावायची असेल, तर पातळ चादरीतून बराच उजेड मागे निघून जातो आणि पंखा चालू असताना चित्र लाटांसारखे हलते. साध्या पांढऱ्या डिस्टेंपरची सपाट भिंत चादरीपेक्षा कितीतरी चांगली.

आत बसवलेल्या अँड्रॉइडवर विसंबून राहू नये. अनेक स्वस्त यंत्रांकडे पैसे भरून पाहायच्या वाहिन्यांचा योग्य परवाना नसतो, त्यामुळे ॲप उघडत नाही किंवा चित्र ४८०पी पर्यंतच मिळते, आणि फोनच्या पडद्यावरचे चित्र जसेच्या तसे प्रोजेक्टरवर पाठवले (मिररिंग) तर आवाज येऊन पडदा काळा राहतो. एचडीएमआयची खाच असेल तर टीव्हीला लावायची वेगळी स्टिक जोडून हा प्रश्न सुटतो. आवाजासाठी जुने स्पीकर वायरने जोडले आहेत, कारण ब्लूटूथवर ओठ आणि शब्द जुळत नव्हते.

‘पोर्टेबल’ या शब्दाने माझी सर्वांत जास्त निराशा केली. या किमतीतल्या बहुतेक यंत्रांत बॅटरी नसते. ती उचलता येतात, पण वीज लागतेच. काही यंत्रे टाइप-सी पॉवर बँकेवर चालतात. मात्र २०,००० मिलिअँपिअर-तासांची पॉवर बँक म्हणजे ७४ वॅट-तास, आणि ६० वॅटचे यंत्र त्यावर तासाभराच्या आसपास चालेल, तेही पॉवर बँक ६५ वॅट देऊ शकत असेल तरच. पूर्ण चित्रपट त्यात बसत नाही. कोजागरीला आम्ही गच्चीवर खेळ लावला, तेव्हा खालच्या मजल्यावरून लांब वायर ओढून घेतली. पौर्णिमेच्या चांदण्याचा उजेड जेमतेम पाव लक्स असतो, त्याने चित्राचे काही बिघडले नाही. बिघडवले ते सोसायटीच्या फाटकावरच्या दिव्याने. तो अर्धा तास बंद ठेवायला रखवालदारदादांनी होकार दिला, म्हणून दूध आटेपर्यंत मुलांना चित्र पाहता आले.

किमतीचा विचार करता, १४ हजारांत आम्हाला ७२ इंची चित्र मिळाले, पण ते अंधारातच मिळते. २२ सप्टेंबर २०२५ पासून प्रोजेक्टर आणि ३२ इंचांहून मोठे टीव्ही या दोन्हींवरचा वस्तू व सेवा कर २८ वरून १८ टक्के झाला, त्यामुळे दोघांमधली तुलना तशीच राहिली आहे. ज्या घरात दिवसा मालिका आणि बातम्या पाहिल्या जातात, जिथे खिडक्या पश्चिमेला आहेत किंवा ज्येष्ठांना उजेडात बसायला आवडते, तिथे मी टीव्हीच घ्यायला सांगेन.

आमच्याकडे शेवटी दोन्ही आहेत. रेघ पडलेला टीव्ही अजून चालतो आणि दुपारी साडेतीनचा सामना बाबा त्यावरच पाहतात. संध्याकाळी साडेसातचा सामना असेल, तर सातच्या सुमारास ते स्वतः उठून पडदे ओढतात, स्टूल पेन्सिलीच्या खुणेसमोर आणून ठेवतात आणि मला हाक मारतात, “सूनबाई, धावफलक नीट दिसतोय का, तेवढं बघून दे.”