पारामारिबोतील शंकासूर

दक्षिण अमेरिकेतील सुरिनामची राजधानी पारामारिबो. तिथल्या वॉटरकांट रस्त्याने फोर्ट झीलांडिया किल्ल्याकडे चालत निघाले की उजव्या हाताला सुरिनाम नदी दिसत राहते. गढूळ, संथ आणि चांगलीच रुंद. निसर्गचित्रकार मारिया सिबिला मेरियन 1699 साली या तेव्हाच्या डच वसाहतीत उतरल्या, तेव्हा त्या 52 वर्षांच्या होत्या आणि सोबत 21 वर्षांची धाकटी मुलगी डोरोथेआ होती. वयाच्या तेराव्या वर्षी फ्रँकफर्टमध्ये रेशीमकिडे पाळणाऱ्या या चित्रकर्तीने, केवळ अळीचे फुलपाखरू कसे होते हे उष्ण प्रदेशात पाहता यावे म्हणून, ॲमस्टरडॅममधील आपली चित्रे विकून हा प्रवास केला. साखरेखेरीज दुसरे काही शोधते म्हणून इथले मळेवाले त्यांची टर उडवत.

जुन्या लाकडी घरांच्या रांगेत एका कुंपणाआड मला शंकासूर फुललेला दिसला. चुणीदार लाल पाकळ्या, पिवळी कड, बाहेर झेपावणारे लांब केसर आणि खाली चपट्या, हिरव्या शेंगा: आपल्याकडे परसात असतो तोच, पण याचे मूळ घर अमेरिका खंडातले. मेरियन यांनी 1705 साली प्रसिद्ध केलेल्या सुरिनामच्या कीटकांवरील ग्रंथात 60 चित्रपाने आहेत आणि त्यांतील 45 वे याच झाडाचे आहे. त्यावर एक हिरवी अळी आहे. सोबतच्या मजकुरात मात्र त्यांनी लिहिले आहे की, डच मालकांच्या छळाला कंटाळलेल्या गुलाम स्त्रिया, पोटचे मूल गुलाम होऊ नये म्हणून, या झाडाच्या बिया खाऊन गर्भ पाडतात, आणि हे त्या स्त्रियांनीच आपल्याला सांगितले.

मला हे पान सगळ्या ग्रंथात मोलाचे वाटते. अर्थात मेरियन स्वतःही गुलामांच्याच कष्टांवर विसंबून होत्या. घनदाट रानात वाट काढायला पुढे कुऱ्हाड घेऊन तेच जात.

प्रकृती ढासळल्याने 1701 मध्ये त्यांना परतावे लागले. पुढे एकोणिसाव्या शतकातील काही इंग्रज निसर्गअभ्यासकांनी, पक्षी खाणारा कोळी त्यांनी चितारला म्हणून, त्यांना भोळसट ठरवले. इंग्रज निसर्गअभ्यासक हेन्री बेट्स यांनी ॲमेझॉनच्या खोऱ्यात तसाच कोळी छोट्या पक्ष्यांवर ताव मारताना प्रत्यक्ष पाहिला आणि 1863 साली ते छापले, तेव्हा कुठे ही टीका थंडावली.