तुम्ही विचारलंत म्हणून: आर्किटेक्टच आर्किटेक्टला बक्षीस देतात, मग सगळं ओळखीवरच चालत असेल ना?

मी आर्किटेक्ट आहे आणि अधूनमधून अवॉर्डच्या ज्युरीवर बोलावतात, हे कळलं की लग्नात म्हणा, सोसायटीच्या मीटिंगमध्ये म्हणा, हा प्रश्न येतोच. विचारणारा थोडं हसून विचारतो, म्हणजे उत्तर त्याला आधीच माहितीये, फक्त माझ्या तोंडून ऐकायचंय.

तर ऐका. ओळखी असतात, भरपूर असतात. आपलं क्षेत्र केवढंसं, याने त्याच्या ऑफिसात ट्रेनिंग केलेली, तो हिचा थिसीस गाइड, ही त्याच्याच कॉलेजात व्हिजिटिंगला. एंट्रीवरचं नाव झाकलं तरी विटांचं काम आणि जिन्याचं रेलिंग बघून निम्म्या लोकांना कळतं हे कोणाचं ते. आपल्या ऑफिसातून गेलेल्या मुलाचं काम समोर आलं की आपण उठून बाहेर जायचं, हा साधा नियम, पाळतातही बहुतेक जण. पण बाहेर चहा पिऊन परत आलं की आतल्यांचे चेहरे बघूनच कळतं काय झालं ते.

आणि हे आपल्याकडचंच आहे असं समजू नका. प्रिट्झकर प्राइझ घ्या, 1979 पासून देतात, आमच्या धंद्यातलं नोबेल म्हणतात त्याला. चिलीचे अलेहांद्रो अरावेना 2009 ते 2015 त्याच्या ज्युरीवर होते आणि जानेवारी 2016 मध्ये ते प्राइझ त्यांनाच जाहीर झालं! काम चांगलंच आहे हो त्यांचं, गरिबांसाठी अर्धं घर बांधून द्यायचं आणि उरलेलं लोकांनी सवडीने वाढवायचं, ही कल्पना जगभर गाजली. पण खुर्ची गार व्हायच्या आत मेडल घेतलं तर लोक बोलणारच, आणि बोलावंही. जपानचे शिगेरु बान पण आधी ज्युरीवर होते, त्यांना 2014 ला मिळालं.

आता याच्या उलट आपले बाळकृष्ण दोशी बघा. जन्म पुण्याचा, शिक्षण मुंबईच्या जे. जे. स्कूलला, तेही एके काळी याच ज्युरीवर बसलेले, आणि प्राइझ मिळालं 2018 ला, वयाच्या नव्वदीत. त्या वर्षीच्या ज्युरीत रतन टाटा पण होते (टाटांनी कॉर्नेलमधून आर्किटेक्चर केलेलं, हे बऱ्याच जणांना माहितीच नसतं). म्हणजे संशय घ्यायचाच तर इथे सगळा मसाला तयार आहे, पण मग ओळखीनेच मिळायचं असतं तर इतकी वर्षं थांबावं कशाला लागलं? इंदूरची त्यांची अरण्य ही कमी उत्पन्नवाल्यांसाठीची वसाहत तोवर कित्येक वर्षं उभी होती, तिला 1995 मध्ये आगा खान अवॉर्ड, म्हणजे आमच्या क्षेत्रातलं आणखी एक मोठं आंतरराष्ट्रीय बक्षीस, मिळूनही जमाना झाला होता.

मला विचाराल तर ओळख हा दोन नंबरचा रोग. एक नंबरचा रोग म्हणजे फोटो.

पहिल्या चाळणीला काय होतं सांगतो. स्क्रीनवर एकामागून एक प्रोजेक्ट सरकत असतात, प्रत्येकाच्या वाट्याला मिनिटभर आलं तरी नशीब, बहुतेक फोटो सूर्य मावळता मावळता काढलेले, आत दिवे लागलेले, माणूस एकही नाही, असलाच तर पाठमोरा आणि पांढऱ्या कुर्त्यात. एसीचे आउटडोअर युनिट्स दिसत नाहीत, पाण्याची टाकी दिसत नाही, भिंतीला ओल तर कधीच नाही. आम्ही सगळे जाणकार, पण त्या फोटोंना आम्हीच सगळ्यात आधी भुलतो, कारण असे फोटो आम्ही स्वतःही काढून घेतो ना, कुठला अँगल कशासाठी ते आम्हाला बरोबर कळतं आणि तरी आवडतं.

एकदा आमच्यात एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या, आयोजकांनी मुद्दाम एक बिगर-आर्किटेक्ट घेतलेला. कोकणातलं एक घर चाललं होतं, चिऱ्याच्या भिंती, मध्ये मोठं उघडं अंगण, आम्ही सेक्शनवर, म्हणजे घर उभं कापून दाखवणाऱ्या ड्रॉइंगवर, फिदा. बाई बराच वेळ गप्प होत्या, मग म्हणाल्या, "पावसाळ्यात हे लोक कपडे कुठे वाळत घालतात?" आमच्यातले सगळ्यात सीनियर सर प्लॅन झूम करून शोधायला लागले, किचनच्या मागे युटिलिटी नावाची एक चिंचोळी जागा सापडली, वॉशिंग मशीन ठेवलं की संपली, वरून उघडी. मग अंगणातून झड कुठपर्यंत आत येते ते निघालं, मग त्या सुंदर लाकडी सोप्याचं जुलैमध्ये काय होत असेल ते निघालं. चांगला अर्धा तास वाद झाला. बक्षीस शेवटी त्याच घराला मिळालं, मत बदललं ते माझं आणि आणखी एका जणाचं, बाकीचे म्हणाले ते डिटेलिंग आहे, नंतर सुधारता येतं. घर प्रत्यक्ष बघितलेलं आमच्यापैकी कोणीच नव्हतं, हा खरा मुद्दा.

म्हणून मला आगा खान अवॉर्डची पद्धत पटते. दर तीन वर्षांनी असतं, मास्टर ज्युरी नऊ जणांची आणि त्यात सगळे आर्किटेक्ट नसतात, तत्त्वज्ञान-समाजशास्त्रवालेही बसतात. शेकडो नावांतून ज्युरी शॉर्टलिस्ट काढते, मग दरवेळी वेगळे तज्ज्ञ त्या प्रत्येक जागी जाऊन राहतात, वापरणाऱ्यांशी बोलतात, गळतं कुठे, खर्च किती झाला, सगळं बघतात आणि परत येऊन ज्युरीच्या उलटतपासणीला उभे राहतात. निकाल त्यानंतर.

1998 ची त्यांची यादी मी पोरांना नेहमी दाखवतो. त्यात नामवंत आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांचं भोपाळचं विधान भवन आहे, ते असणारच, आणि त्याच यादीत आपल्या जळगाव जिल्ह्यातलं, चोपडा तालुक्यातल्या लासूरचं कुष्ठरोग्यांचं रुग्णालय आहे! दोन तरुण नॉर्वेजियन आर्किटेक्टनी, ब्रिनिल्डसेन आणि येन्सन यांनी, 80 च्या दशकात बांधलेलं. जवळपास मिळेल तो दगड, विटांच्या कमानदार छपरांच्या खोल्या, वर फुटक्या टाइल्सचे तुकडे बसवलेले, सगळं एका आवाराच्या आत. खानदेशातल्या उन्हात ते छप्पर काय काम करतं हे लॅपटॉपवर बघून कोणाला कळणार? त्या ज्युरीत वळणदार, झोकदार इमारतींसाठी जगभर गाजलेल्या आर्किटेक्ट झाहा हदीद होत्या, म्हणजे स्वतःचं काम या साध्या विटकामाच्या अगदी दुसऱ्या टोकाचं, तरी हे निवडलं गेलं. नुसत्या फोटोंवर आमच्या त्या खोलीत हे पहिल्या चाळणीतच गळलं असतं, पैज लावतो.

अर्थात इतकं सगळं करायला पैसा लागतो, आणि आपल्याकडची बरीच अवॉर्ड्स उलट एंट्रीवाल्यांकडूनच पैसा काढतात, आधी फी, जिंकलात की डिनरचं टेबल, ट्रॉफीची जादा कॉपी हवी असेल तर त्याचे वेगळे. तिथे ज्युरीत कोण कोणाचा मित्र आहे हे शोधत बसू नका. फॉर्म भरायच्या आधी आयोजकांना फोन करून एवढंच विचारा की शॉर्टलिस्ट झालेली कामं बघायला साइटवर कोण जाणार आहे. "सर, प्रेझेंटेशन झूमवरच असतं" असं उत्तर आलं, तर तेवढ्या पैशात गच्चीचं वॉटरप्रूफिंग करून घ्या.