आमची वाटचाल: सदुसष्टचे हाय नंबर

न्यू जर्सीत ओक ट्री रोडपासून पंधरा मिनिटांवर आमचं दुकान आहे, १९९६ पासून. काचेची तीन कपाटं, एक काउंटर, मागे डब्यांच्या रांगा. बेसबॉल कार्ड म्हणजे च्युइंगमच्या पाकिटातून मिळणारं खेळाडूचं छापील चित्र; १९६९ नंतर छापलेलं एकही आमच्याकडे मिळत नाही. हा नियम पहिल्या दिवसापासूनचा आहे. तो मोडायचा सल्ला देणारे पुष्कळ भेटले, पण नियम मोडला नाही.

सुरुवात थोडक्यात सांगतो. १२ ऑगस्ट १९९४ ला बेसबॉल खेळाडूंचा संप सुरू झाला, त्या वर्षीची वर्ल्ड सिरीज, म्हणजे हंगामाची अंतिम लढत, रद्द झाली आणि आमच्या भागातली कार्डांची दुकानं एकामागून एक बंद पडू लागली. कंपन्यांनी आधीच्या सात-आठ वर्षांत इतकी कार्डं छापून ठेवली होती की लोकांच्या तळघरांत न फोडलेली खोकी थप्पीला लागली होती. आमच्या गावातले वयस्कर दुकानदार सगळं आवरून फ्लोरिडाला निघाले. भिंतीलगतची नवी खोकी ते मला फुकट न्या म्हणत होते. ती मी नाकारली. मागच्या खोलीत साठच्या दशकातल्या कॉमन, म्हणजे साध्या खेळाडूंच्या, कार्डांचे तीन मोठे डबे होते, ते रोख मोजून घेतले. मी तेव्हा प्रोग्रामर होतो. पुढच्याच वर्षी नोकरी सोडली. मंडळाच्या गणपतीत बायका सौ.ला विचारायच्या, "चित्रं विकणार म्हणे?" त्यांच्यापैकी दोघींच्या घरून २०२१ मध्ये मला फोन आले, मुलाच्या कपाटात सापडलेल्या कार्डांचा भाव विचारायला. मी भाव नीट सांगितला.

माझे वडील सांगलीत घड्याळजी होते. त्यांचं डोळ्यात धरायचं भिंग मी १९८८ मध्ये बरोबर आणलं, ते आजही काउंटरवर असतं. भिंग लावल्यावर दुसरा डोळा मिटायचा नाही, हे त्यांनी मला आठव्या वर्षी शिकवलं. मिटलेला डोळा दहा मिनिटांत उघड्या डोळ्यालाही थकवतो. भिंगाशेजारी पोलादी पट्टी आणि मान वळणारा दिवा. दिवा वरून नाही, कडेनं धरायचा. वरच्या उजेडात न दिसणारी घडी आडव्या उजेडात रेघेसारखी उठून दिसते. बासष्टच्या कार्डांना लाकडी नक्षीची तपकिरी चौकट आहे आणि तिचे कोपरे खरवडले की पांढरे दिसतात. कोणी तिथे पेन फिरवलं असेल तर शाई आडव्या उजेडात वेगळी चमकते. त्रेसष्टच्या खालच्या रंगीत पट्टीचंही तेच.

चौथं साधन कुठेच विकत मिळत नाही. प्रत्येक वर्षाची पन्नास-साठ अगदी साधी, मळकी कार्डं आम्ही गठ्ठा करून ठेवली आहेत. संशय आला की कार्ड त्या गठ्ठ्याच्या मधोमध घालून चारी बाजूंनी ठोकून बसवायचं. कापलेलं कार्ड आत गेलेलं दिसतं. माप अडीच बाय साडेतीन इंच भरलं म्हणून निश्चिंत होऊ नका. छापखान्यातच काही कार्डं केसभर मोठी कापली जात. ती हेरून लोक झिजलेल्या कडा तासतात, म्हणजे कोपरे टोकदार होतात आणि मापही बरोबर भरतं. मग कडेचा रंग पाहायचा. पन्नास-साठ वर्षांचा पुठ्ठा कडेला पिवळसर पडलेला असतो. एकच कड पांढरीशुभ्र असेल तर ते कार्ड खाली ठेवा.

हे सगळं मला २००७ मध्येही येत होतं. म्हणूनच ती गोष्ट अजून जिव्हारी लागते.

पहिली दहा-अकरा वर्षं बरी गेली.

ज्या विक्रेत्याने मला फसवलं त्याचं नाव लिहीत नाही. महिन्याच्या महिन्याला हॉटेलात कार्डांचा शो, म्हणजे विक्रीचं प्रदर्शन, भरायचा आणि दाराजवळचं टेबल कायम त्याचं. ऑक्टोबर २००७ मध्ये त्याने मला तीन सेट, म्हणजे एकेका वर्षाची सगळी कार्डं, दाखवले: १९६२, १९६३, १९६७. तिन्ही रॉ, म्हणजे कोणी तपासून दर्जाचा नंबर न दिलेले, आणि तिन्ही निअर मिंट, म्हणजे जवळजवळ नव्यासारखे, म्हणून. किंमत २१ हजार डॉलर. संध्याकाळपर्यंत सांग, नाहीतर दुसरा थांबलाय, असं त्याचं म्हणणं. मी त्रेसष्टचा ५३७ क्रमांक, म्हणजे नामवंत खेळाडू पीट रोझचं कार्ड, चांगली पंधरा मिनिटं पाहिला, कारण त्याची बनावट ऐंशीच्या दशकापासून फिरते आहे. तो अस्सल निघाला आणि तिथेच मी सैल पडलो. एका वर्षाची कार्डं टप्प्याटप्प्याने, मालिकांनी निघत. बासष्टच्या दुसऱ्या मालिकेतली हिरवट छटेची कार्डं पाहून तर आणखी हुरळलो. सदुसष्टचे हाय नंबर, म्हणजे शेवटच्या मालिकेतली ५३३ च्या पुढची कार्डं, मी हॉटेलच्या पिवळ्या दिव्याखाली नुसती चाळली. गठ्ठा दुकानात होता. घरावर कर्ज काढून पैसे दिले.

मार्च २००८ मध्ये त्या सदुसष्टच्या सेटमधली ४० कार्डं ग्रेडिंगला, म्हणजे तपासून दर्जाचा नंबर घ्यायला, पाठवली. ३१ परत आली, नंबर न देता, 'कडा कापलेल्या' असा शेरा मारून. फी गेली ती गेलीच. त्या रात्री जेवणाचं टेबल रिकामं केलं. सौ. क्रमांक वाचत होती, मी एकेक कार्ड गठ्ठ्यात घालून पाहत होतो. हे तीन रात्री चाललं. ग्राहकांकडे गेलेली कार्डं परत आल्यावर तीही तपासली. ५३४ ते ६०९ या ७६ कार्डांपैकी ५८ कापलेली निघाली. सगळी एकाच हातची, बहुतेक उजवी कड.

त्यांपैकी २३ मी आधीच नऊ जणांना विकली होती. नवांनाही फोन केले. कार्डं आणा, पैसे न्या, म्हणालो. हे करू नकोस असं मला दोन अनुभवी विक्रेत्यांनी सांगितलं होतं. ग्राहकांना कळलेलं नाही, तू कशाला कळवतोस, असं त्यांचं म्हणणं. परत दिलेली रक्कम ३,४०० डॉलरच्या वर गेली. मी त्या माणसाकडे गेलो तर तो म्हणाला, "पाहून घेतलंस ना? टेबलावरून उचललेला माल परत होत नाही." शोचा नियम तसाच होता, हे खरं. कडा कोणी कापल्या ते त्याला ठाऊक होतं, हेही खरं. मी त्याच्याकडून आधी चार वर्षं माल घेत होतो. मला तो नवखा समजला नाही, त्याने मला मिंधा समजून गृहीत धरलं.

यानंतर जे झालं ते पैशांपेक्षा जास्त लागलं. मेच्या शोमध्ये माझ्या टेबलाशी लोक थांबेनात. त्या इंडियनकडे ट्रिम केलेला माल असतो, अशी कुजबुज होती. कार्डं कापलेली आहेत हे त्या नऊ जणांना कळलं होतं ते माझ्याच तोंडून. ज्याने सांगितलं त्याच्या नावावर ते चिकटलं. ज्याने विकलं तो दाराजवळच्या टेबलाशी बसून कॉफी पीत होता. सप्टेंबरात शेअर बाजार कोसळला, महागडी कार्डं कोणी विचारेना. दुकानाचं भाडं दोनदा थकलं. सौ.ने घरी मुलं सांभाळायला सुरुवात केली. मी माझा स्वतःचा बासष्टचा सेट, सगळी ५९८ कार्डं, फोडून विकला. तो मी सात वर्षांत एकेक करून जमवला होता.

त्या नऊ जणांतले एक आमचे पोस्टमन. दर शनिवारी टपाल वाटून झालं की गणवेशातच यायचे, खिशात शिसपेन्सिलीने खुणा केलेली यादी. १९६७ मध्ये ते अकरा वर्षांचे होते. पाच सेंटांचं पाकीट कोपऱ्यावरच्या दुकानातून घ्यायचे. पण कार्डं छापणाऱ्या टॉप्स कंपनीची शेवटची मालिका यायची तोवर उन्हाळा सरायचा, पोरांचं लक्ष शाळेकडे आणि फुटबॉलकडे जायचं, आणि त्या वर्षी दुकानदाराने ती मागवलीच नाही. ५३३ च्या पुढचं एकही कार्ड त्यांनी लहानपणी हातात धरलं नव्हतं. माझ्याकडून त्यांनी अकरा घेतली होती. त्यांत ५८१ होतं, पुढे गाजलेल्या टॉम सीव्हरचं पहिलं कार्ड, शेजारी बिल डेनेही. आणि ६०० क्रमांकाचा ब्रूक्स रॉबिन्सन.

फोन केल्यावर ते आले, अकरा कार्डं काउंटरवर ओळीने मांडली, १,२६० डॉलर घेतले, मोजले. मग म्हणाले, "कुठं कापलंय ते मला दाखवा." मी वडिलांचं भिंग त्यांच्या हातात दिलं. अर्धा तास ते पाहत होते. पुढच्या शनिवारी पुन्हा आले. यादीतल्या अकरा खुणा रबराने खोडलेल्या होत्या. त्यांनी ६०९ घेतलं, टॉमी जॉन, कोपऱ्याला घडी पडलेलं. त्याच्या पुढच्या शनिवारी आणखी एक. त्या वर्षी एकही शनिवार त्यांनी चुकवला नाही. ज्या आठवड्यांत गल्ल्यात दुसरं काहीच पडलं नाही असेही काही होते.

आम्ही कॉमन कार्डं ऑनलाइन विकायला काढली, एक-दोन डॉलरची. प्रत्येक घडी, च्युइंगमचा प्रत्येक डाग लिहून. २०१२ मध्ये कर्ज फिटलं.

ग्राहक दुकानात आला की नुसतं विकू नका, बोला. एकोणसत्तरच्या कार्डांवर इतके खेळाडू बिनटोपीचे आणि जुन्याच फोटोतले का, हे कित्येक विक्रेत्यांना सांगता येत नाही. मार्विन मिलर १९६६ मध्ये खेळाडूंच्या संघटनेचे प्रमुख झाले तेव्हा टॉप्स एका खेळाडूला वर्षाला १२५ डॉलर देत असे. मिलरनी खेळाडूंना फोटो काढू द्यायचे नाहीत असं सांगितलं, कंपनीला जुने फोटो वापरावे लागले, आणि शेवटी रक्कम दुप्पट झाली, वर विक्रीतला वाटाही मिळाला. हे ऐकल्यावर माणूस त्या कार्डाकडे पुन्हा पाहतो. मी स्वतः ते कार्ड हातात घेतलं की त्या १२५ डॉलरची आठवण होते.

२०२२ मध्ये नॅशनल, म्हणजे कार्डांचं मोठं वार्षिक प्रदर्शन, अटलांटिक सिटीला भरलं होतं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मिकी मँटलचं १९५२ चं कार्ड १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं, इतका बाजार तापलेला. तो माणूस तिथे होता, चार टेबलांचा गाळा घेऊन. मला पाहून म्हणाला, "अजून दुकान चालू आहे?" मी हो म्हणालो. त्याच्या काचेखाली सदुसष्टचे हाय नंबर होते. मी भिंग खिशातून काढलं नाही. काढायला हवं होतं, असं अजून वाटतं.

पोस्टमनना ५८१ पुन्हा मिळायला २०१९ उजाडलं. चित्र डावीकडे सरकलेलं, मागे डाग, पण चारी कडा छापखान्याच्या. सीव्हर ३१ ऑगस्ट २०२० ला गेला. त्या शनिवारी ते मास्क लावून ते कार्ड घेऊन आले, काउंटरवर ठेवलं आणि दुकान बंद होईपर्यंत बसले.

कापलेली ५८ कार्डं मी त्यानंतर विकली नाहीत. काउंटरखाली वेगळ्या डब्यात आहेत, झाकणावर सौ.च्या अक्षरात 'कापलेली' असं मराठीत लिहिलंय. कोणी मूल आलं की त्यातलं एक आणि गठ्ठ्यातलं एक समोर ठेवतो, आणि कोणतं खरं ते ओळखायला सांगतो. दुकान मंगळवार ते शनिवार उघडं असतं. घरातली जुनी कार्डं दाखवायला आणणार असाल तर त्यांना रबरबँड लावू नका, आणि लागलेला असेल तर ओढून काढू नका, रबरबँड कात्रीने कापा.