दमास्कसची बातमी पॅरिसला पोचली तेव्हा

युरोपचा इतिहास शिकवताना हा प्रश्न मला दरवर्षी ऐकू येतो: "जगभरचे ज्यू एकमेकांसाठी एवढे धावून जातात, हे आधीपासूनच होतं का?" तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगते. बंदिवानांना सोडवायला वर्गणी काढायची रीत जुनीच. पण सरहद्दी ओलांडून, वर्तमानपत्रांतून, सरकारांना जाब विचारत उभी राहिलेली एकजूट एकोणिसाव्या शतकातली.

फेब्रुवारी १८४० मध्ये सीरियातल्या दमास्कसमधून एक कॅपुचिन (कॅथलिक संन्यासी संघातला) पाद्री आणि त्यांचा नोकर बेपत्ता झाले. ज्यूंनी धार्मिक विधीसाठी त्यांचा खून केला, असा आळ आला. धरपकड झाली, छळ करून कबुलीजबाब उकळले, काही जण त्यातच मेले. या आळाला सर्वांत जास्त बळ दिलं ते फ्रान्सच्या तिथल्या कॉन्सलने, आणि फ्रान्सचे पंतप्रधान तिएर त्याच्या पाठीशी उभे राहिले.

इथे मला अडोल्फ क्रेमिय फार मोठे वाटतात. पॅरिसचे ज्यू वकील. फ्रान्समधल्या ज्यूंना नागरिकत्व मिळून जेमतेम पन्नास वर्षं झालेली. अशा वेळी आपल्याच सरकारविरुद्ध बोलायचं, म्हणजे 'तुमची निष्ठा नक्की कोणाशी?' हा सवाल अंगावर ओढवून घ्यायचा. तरी ते बोलले. लंडनचे ज्यू पुढारी मोझेस माँटेफिओरे यांच्याबरोबर अलेक्झांड्रियाला जाऊन मोहम्मद अलीला भेटले; इजिप्तचा हा सत्ताधीश तेव्हा दमास्कसवरही राज्य करत होता. जिवंत राहिलेले कैदी सप्टेंबरात सुटले. ब्रिटन आणि ऑस्ट्रियाला तेव्हा मोहम्मद अलीला नमवायचंच होतं, त्याचाही यात मोठा वाटा.

१८५८ मध्ये मात्र हार झाली. तेव्हा पोपच्या राज्यात असलेल्या इटलीतल्या बोलोन्यात एदगार्दो मोर्तारा या सहा वर्षांच्या ज्यू मुलाला पोपच्या शिपायांनी आईबापांपासून नेलं. मोलकरणीने त्याचा गुपचूप बाप्तिस्मा केला होता, म्हणजे चर्चच्या लेखी तो ख्रिश्चन झाला होता, एवढ्यावरून. माँटेफिओरे रोमला गेले, पण पोपने भेटही दिली नाही. मूल परत आलं नाही. त्या संतापाचाही १८६० मध्ये पॅरिसला 'आलियांस इस्राएलित युनिव्हर्सेल' ही जगभरच्या ज्यूंना मदत करणारी संस्था स्थापन होण्यात वाटा होता. तिचं सर्वांत टिकाऊ काम मला शाळांचं वाटतं. पहिली १८६२ मध्ये मोरोक्कोतल्या तेतुआनला. लंडनच्या अशाच एका संस्थेने, अँग्लो-ज्युइश असोसिएशनने, मुंबईतल्या बेने इस्रायलांच्या, म्हणजे आपल्याकडच्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंच्या, शाळेलाही मदत केली.

आलियांसचं नाव घेऊन ज्यूंचा 'जागतिक कट' आहे असं सिद्ध करू पाहणारे तेव्हाही होते. ते एक गोष्ट सांगत नाहीत. त्याच १८६० मध्ये दमास्कसमध्ये ख्रिश्चनांची कत्तल झाली, आणि त्यांच्या मदतीसाठी माँटेफिओरेंनी लंडनमध्ये आणि क्रेमियंनी पॅरिसमध्ये जाहीर आवाहन केलं.