आधी दारावरची पाटी ठरवा, मग पदवी

मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांचा नेहमीचा क्रम असा असतो: आधी बीए, मग एमए, आणि मग ‘आता पुढे काय?’ इथेच गाडी अडते. कारण या क्षेत्रात पदवी आणि व्यवसाय करण्याचा परवाना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या देणाऱ्या संस्थाही वेगळ्या आहेत. विद्यापीठ फक्त एवढंच सांगतं की तुम्ही विषय शिकलात. दारावर कोणती पाटी लावता येईल हे नोंदणी करणारी संस्था ठरवते. म्हणून आधी पाटी ठरवावी आणि तिथून मागे वर्षं मोजत यावं.

पाट्यांचा घोळ आधी निस्तरू. सायकियाट्रिस्ट व्हायला वैद्यकीय पदवी लागते. मानसशास्त्राच्या बीएमधून तिकडे रस्ता जात नाही, कितीही गुण पडोत. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मूल्यमापन, चाचण्या, निदान आणि थेरपी करतो, पण औषधं लिहीत नाही. (अमेरिकेतल्या मोजक्या राज्यांत जादा प्रशिक्षण घेऊन लिहिता येतात, पण तो अपवादच.) काउन्सेलर हा यातला सगळ्यात सैल शब्द. ब्रिटनमध्ये ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ हे नाव कायद्याने राखीव आहे. एचसीपीसीकडे, म्हणजे आरोग्य व्यावसायिकांच्या तिथल्या नोंदणी संस्थेकडे, नोंदणी नसताना ते लावलं तर गुन्हा होतो. पण नुसतं ‘सायकॉलॉजिस्ट’, ‘काउन्सेलर’ किंवा ‘सायकोथेरपिस्ट’ तिथे कुणीही लावू शकतं. ऑस्ट्रेलियात मात्र नुसतं ‘सायकॉलॉजिस्ट’ही राखीव आहे. एका देशातलं पद दुसऱ्या देशात जसंच्या तसं चालेल हे गृहीत धरणारे इथे फसतात.

भारतात क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे होते. तिचा कायदा १९९२चा. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातली व्याख्याही नुसत्या एमएवर थांबत नाही, आरसीआयची मान्यता असलेलं क्लिनिकल प्रशिक्षण मागते. वर्षानुवर्षं त्याचा अर्थ एमएनंतर दोन वर्षांचं पूर्णवेळ एम.फिल. असा होता. २०२०च्या शैक्षणिक धोरणाने एम.फिल. मोडीत काढल्यावर यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, क्लिनिकल सायकॉलॉजीसाठी प्रवेशाची मुदत २०२५-२६ पर्यंत वाढवली. म्हणजे दोन-चार वर्षांपूर्वी पास झालेल्या सीनियरने सांगितलेला मार्ग आज तसाच उघडा असेल असं नाही. शिवाय २०२५च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून यूजीसीने मानसशास्त्राचे दूरस्थ आणि ऑनलाइन अभ्यासक्रम थांबवले आहेत. ‘नोकरी सांभाळून बाहेरून एमए करू’ असा बेत असेल तर तो आत्ताच बदला.

अमेरिकेत क्लिनिकल सायकॉलॉजिस्टच्या परवान्यासाठी सर्वसाधारणपणे डॉक्टरेट लागते. पीएच.डी.चा कल संशोधनाकडे असतो, साय.डी.चा (डॉक्टर ऑफ सायकॉलॉजी) प्रत्यक्ष उपचारांकडे. खरा फरक पैशात आहे. पीएच.डी.ला बऱ्याच ठिकाणी फी माफ होते आणि विद्यावेतन मिळतं, साय.डी.चा खर्च बहुतेक वेळा विद्यार्थीच उचलतो, तोही कर्ज काढून. थेरपीच करायची असेल आणि ‘सायकॉलॉजिस्ट’ या शब्दाचा आग्रह नसेल, तर काउन्सेलिंग किंवा विवाह-कुटुंब थेरपीतली मास्टर्स आणि राज्याचा परवाना हा जवळचा रस्ता. माझ्या मते बऱ्याच जणांना नेमकं हेच हवं असतं, पण डॉक्टरेटच्या वलयापायी ते तिकडे पाहतही नाहीत. युरोपात युरोसाय या मानसशास्त्रज्ञांच्या प्रमाणपत्राचा हिशोब पाच वर्षं शिक्षण अधिक एक वर्ष देखरेखीखाली काम असा आहे. ऑस्ट्रेलियातही किमान सहा वर्षं धरून चाला.

आता चुका कुठे होतात ते. पहिली चूक म्हणजे विद्यापीठाची मान्यता पाहून समाधान मानणं. परवान्यासाठी त्या विशिष्ट अभ्यासक्रमाची मान्यता लागते, आणि तीसुद्धा तुमच्या बॅचला लागू असलेली. ‘मान्यतेसाठी अर्ज केला आहे’ हे वाक्य माहितीपत्रकात दिसलं की सावध व्हा. अर्ज म्हणजे मान्यता नव्हे. नोंदणी संस्थेच्या संकेतस्थळावरच्या यादीत अभ्यासक्रमाचं नाव, जागांची संख्या आणि वर्ष स्वतः वाचा.

दुसरी चूक तासांची. देखरेखीखालच्या कामाचे तास परवान्याच्या अर्जात मोजून दाखवावे लागतात आणि नोंदवही ढिली असेल तर केलेलं कामही वाया जातं. तारीख, रुग्णाबरोबर प्रत्यक्ष घालवलेला वेळ, कामाचा प्रकार (मुलाखत, चाचणी, वैयक्तिक थेरपी, गट), अहवाल लिहिण्याचा वेळ, सुपरव्हिजनचा (सुपरवायझरबरोबर केसवर चर्चेचा) वेळ, सुपरवायझरचा नोंदणी क्रमांक आणि सही, असे रकाने हवेत. प्रत्यक्ष काम आणि सुपरव्हिजन एकाच रकान्यात ढकलू नका, नियमांमध्ये दोन्हींच्या अटी वेगळ्या असतात. सही आठवड्याच्या आठवड्याला घ्या. वर्षाखेरीला एकदम घेऊ म्हटलं की तोवर सुपरवायझरची बदली झालेली असते. आणि सुपरवायझर स्वतः नोंदणीकृत आहे ना, हे कामाला लागण्याआधीच विचारा. विचारायला संकोच वाटतो खरा, पण ते पात्र नसतील तर तुमचे तास धरले जात नाहीत.

चाचण्यांचं प्रशिक्षण हा भाग विद्यार्थी हलक्यात घेतात. बुद्धिमापनातला ठोकळ्यांचा उपघटक बघा. समोरच्याने लाल-पांढरे ठोकळे मांडून चित्राशी जुळवायचे असतात. परीक्षक पुस्तिकेतल्या सूचना शब्दशः वाचतो, स्टॉपवॉच चालू करतो, वेळ आणि मांडणी नोंदवतो. मूल अडखळलं की आपसूक तोंडून निघतं, ‘हं, तो कोपरा परत बघ.’ झालं, गुण बाद! कारण तुलनेची मानकं ज्या मुलांवर काढली, त्यांना हा इशारा मिळालेला नव्हता, त्यामुळे या मुलाची त्यांच्याशी तुलनाच उरत नाही. वेळ संपल्यावर मांडणी जुळली तर तीही ‘जमलंच होतं’ म्हणून धरता येत नाही. हे हातात बसायला देखरेखीखाली पुन्हा पुन्हा चाचणी घ्यावी लागते, व्हिडिओ पाहून जमत नाही. म्हणूनच चाचण्यांचे प्रकाशक विकत घेणाऱ्याची पात्रता विचारतात आणि सगळ्यात वरच्या श्रेणीच्या चाचण्या कुणालाही विकत नाहीत.

शनिवार-रविवारच्या ‘सर्टिफाइड थेरपिस्ट’ कोर्सबद्दल एवढंच: त्यातून ओळख होते, परवाना मिळत नाही. पदव्युत्तर प्रशिक्षण झाल्यावर एखादं तंत्र पक्कं करायला केला तर ठीक, त्याआधी पैसे घालू नका.

क्लिनिकच्या बाहेरही बरंच काम आहे आणि तिथे सहसा परवाना आड येत नाही. कंपन्यांमधली भरती आणि मूल्यमापन, प्रश्नावल्या आणि चाचण्या तयार करणं, अ‍ॅप लोक कसं वापरतात याचं यूएक्स संशोधन, विमानाचा कॉकपिट किंवा नियंत्रण कक्ष माणसाला चूक होऊ न देता कसा मांडावा याचा अभ्यास. या सगळ्याला एकच हत्यार लागतं: सांख्यिकी. तीच बहुतेकांची नावडती. एसपीएसएस या सांख्यिकीच्या सॉफ्टवेअरमध्ये कुठलं बटण दाबायचं एवढं येणं पुरत नाही. आर किंवा पायथन या प्रोग्रॅमिंग भाषांमध्ये कच्चा डेटा साफ करता यावा, पी-मूल्याबरोबर परिणामाचा आकार (फरक किती मोठा) आणि विश्वासांतर (अंदाज किती मागेपुढे होऊ शकतो) सांगता यावं, नमुना किती मोठा हवा हे अभ्यास सुरू करण्याआधी काढता यावं. नोकरीच्या मुलाखतीत प्रबंधाचा विषय क्वचितच कुणी विचारतं. ‘तीस जणांच्या प्रतिसादांवरून तुम्ही हे कसं म्हणता?’ हा प्रश्न मात्र हमखास येतो.

शेवटचं काम आजच करण्यासारखं आहे. प्रत्येक सत्राचा सविस्तर अभ्यासक्रम पीडीएफमध्ये जपून ठेवा. त्यात विषयाचं नाव, तास, क्रेडिट आणि प्रात्यक्षिकं सगळं असू द्या. काही वर्षांनी परदेशात पदवीची समतुल्यता काढायला गेलात तर गुणपत्रिकेवरचं ‘पेपर ३’ पाहून कुणाला काही कळत नाही. तिथे विचारतात की संशोधनपद्धतीचे तास किती होते, आणि तोवर विभागाने अभ्यासक्रम दोनदा बदललेला असतो.