चवदार तळे आणि त्यामागचा खटला

आज महाडला चवदार तळ्याच्या काठी बराच वेळ थांबलो. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी येथे ओंजळीने पाणी प्राशन केले, हे आपण सर्वजण जाणतो. मात्र त्यानंतर जवळजवळ दहा वर्षे चाललेल्या दिवाणी खटल्याविषयी फारच कमी बोलले जाते, याची मला मनापासून खंत वाटते. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सीताराम केशव बोले यांचा ठराव १९२३ मध्येच मुंबई कायदेमंडळात संमत झाला होता, महाड नगरपालिकेनेही तळे खुले केले होते. तरीही डिसेंबर १९२७ मध्ये काही सवर्णांनी न्यायालयातून तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. हजारो अनुयायी जमलेले असताना, स्वतः बॅरिस्टर असलेल्या बाबासाहेबांनी तो हुकूम पाळला आणि पाण्याचा लढा न्यायालयात नेला. हा संयम मला सत्याग्रहाइतकाच मोठा वाटतो. अस्पृश्यांना मज्जाव करण्याची रूढी अनादी काळापासून चालत आल्याचे वादींना, म्हणजे त्या सवर्णांना, सिद्ध करता आले नाही आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्यांचे अपील फेटाळले. हे निकालपत्र विधी महाविद्यालयांत पहिल्याच वर्षी वाचून घेतले जावे, असे मला फार वाटते.